स्वतःविषयीची साक्ष

माणसाने स्वतःचे गुण स्वतःच्या तोंडाने सांगावेत काय? आपल्या घरांतून मुलांना याचे उत्तर ‘नाही’ असेच शिकविले जाते. कोणी स्तुती केली तर ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणावे आणि मान खाली घालावी. सूरह नज्ममध्ये (आयत 32) स्वतःच्या पावित्र्याचे दावे करण्यास मनाई आहे, कारण कोण किती ईशपरायण आहे हे अल्लाहच अधिक जाणतो. या संस्कारात वाढलेली मुले-मुली पदवीच्या शेवटच्या वर्षाला येतात, कॉलेजात भरतीसाठी कंपन्या येऊ लागतात, आणि तीन अनोळखी माणसांसमोर बसल्यावर पहिलाच प्रश्न कानी पडतो : ‘स्वतःविषयी काही सांगा.’

आमच्या दिघ्यात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, यांच्यामध्ये ही वस्ती वसली आहे. वडिलांच्या पिढीने इथल्या कारखान्यांत वेल्डिंग केले, माल उतरविला, रिक्षा चालविल्या. त्यांची मुले आज बी.कॉम., बी.एस्सी. आयटी करीत आहेत. 12 जानेवारी 2024 रोजी दिघा गाव स्थानकाचे उद्घाटन झाले आणि ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली येथील कार्यालये आणखी जवळ आली. गेल्या काही काळापासून आमच्या मशिदीत रविवारी इशाच्या नमाजनंतर मुलाखतीचा सराव होतो. एका कारखान्यात आयुष्यभर भरतीचे काम केलेले एक निवृत्त गृहस्थ प्रश्न विचारतात. मी बाजूला बसून ऐकतो आणि शेवटी दोन शब्द बोलतो. हा लेख त्या ऐकण्यातून आला आहे.

ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. मुलांना प्रश्नांची भीती वाटते ती उत्तर येत नाही म्हणून कमी, आणि खरे उत्तर पुरेसे नाही असे वाटते म्हणून जास्त. मग पंधरा दिवसांचे प्रशिक्षण तीन महिन्यांचे होते. मित्राने केलेला प्रकल्प ‘आम्ही केलेला’ आणि पुढे ‘मी केलेला’ होतो. पैसे देऊन अनुभवाचा दाखला मिळतो, असे कोणी तरी सांगतो. मुलाखत ऑनलाइन असेल तर पडद्यामागे बसून हळूच उत्तरे सांगणारा मित्रही मिळतो. आणि हे सारे करणारी मुले वाईट नसतात. रोजे ठेवणारी, आईच्या औषधाची चिंता करणारी असतात. ‘मौलाना, सगळेच असे करतात, मग आम्हीच मागे का राहावे?’ हा त्यांचा प्रश्न उर्मटपणाचा नसतो. त्यांना खरेच उत्तर हवे असते. म्हणून केवळ ‘खोटे बोलणे हराम आहे’ एवढे सांगून सुटका होत नाही. ते त्यांना ठाऊक आहे. कोठे खोटे सुरू होते, हे त्यांना ठाऊक नाही.

प्रथम मुलाखत म्हणजे काय ते पाहू. हा शब्द मराठीला अरबीने दिला आहे. ‘मुलाक़ात’ म्हणजे भेट. ज्या धातूपासून तो आला, त्याच धातूचा शब्द कुरआनने माणसाच्या आपल्या पालनकर्त्याशी होणाऱ्या भेटीसाठी वापरला आहे. ‘अर्ज’ हाही अरबी. त्याचा अर्थ समोर मांडणे, सादर करणे, आणि कयामतच्या दिवशी माणसे अल्लाहसमोर सादर केली जातील त्यासाठी सूरह हाक्कामध्ये हाच धातू आला आहे. ज्या ‘हुद्द्या’साठी ही धडपड चालते, तो अरबी ‘उहदा’, म्हणजे अंगावर घेतलेली जबाबदारी. त्याच्या मुळाशी ‘अहद’, अर्थात वचन आहे. (पगार तेवढा पोर्तुगीजांकडून आला!) शब्दांच्या व्युत्पत्तीवरून धर्माचे नियम ठरत नाहीत, हे मान्य. परंतु रोजच्या वापरातील या शब्दांत आपल्या पूर्वजांनी किती गंभीर अर्थ सांभाळून ठेवला होता, हे कळावे म्हणून एवढा उल्लेख केला.

फिकहच्या दृष्टीने नोकरी हा ‘इजारा’, म्हणजे श्रम आणि कौशल्य मोबदल्यावर देण्याचा करार आहे, आणि मुलाखत ही त्या करारापूर्वीची बोलणी. या बोलणीत एक विशेष आहे. बाजारात गिऱ्हाईक माल हातात घेऊन पाहते; येथे समोरच्या माणसाला तुमचे कौशल्य दिसत नाही. प्रमाणपत्रे सोडली तर त्याच्यासमोर एकच साक्षीदार असतो, आणि तो तुम्ही स्वतः. सूरह निसामध्ये (आयत 135) श्रद्धावंतांना अल्लाहसाठी साक्ष देणारे बनण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःच्या विरुद्ध का जाईना. ही आयत आपण न्यायालयापुरती समजतो. माझ्या मते, पदवीधर तरुणाच्या आयुष्यात ती प्रथम मुलाखतीच्या खोलीतच उभी राहते. बायोडाटा हे साक्षीचे कागद आहेत. ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ असे लिहून खाली सही करतो, तो साक्षच देतो.

असे म्हटले की सारे सोपे होते. साक्षीदाराने खोटे बोलू नये, पण खरे सांगण्यास कचरूही नये. साक्ष लपविणेही गुन्हाच आहे. म्हणजे ज्याला हिशेबाचे सॉफ्टवेअर उत्तम येते, त्याने संकोचाने ‘थोडेफार येते’ म्हणावे, ही नम्रता नव्हे. ती अपुरी साक्ष आहे.

येथे ह. यूसुफ (अ.स.) यांचे उदाहरण सर्वांना आठवेल. त्यांनी मिस्रच्या राजाला सांगितले की देशाच्या भांडारांवर मला नेमा, मी रक्षण करणारा आणि जाणकार आहे (सूरह यूसुफ, आयत 55). पण हे वाक्य कशाच्या नंतर आले, हे आपण विसरतो. प्रथम त्यांनी स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि त्यासोबत उपाय दिला : सात वर्षे पेरणी करा, खाण्यापुरते काढा, उरलेले धान्य कणसांतच राहू द्या. अर्ज करण्यापूर्वी त्यांनी त्या कामाचा विचार केलेला होता. दुसरे असे की त्यांच्या आयुष्यात अनेक वर्षांचा तुरुंगवास होता. आजच्या भाषेत बायोडाट्यातील मोठी ‘गॅप’, तीही अशी. राजाचे बोलावणे आले तरी ते लगेच निघाले नाहीत. आधी त्या प्रकरणाची चौकशी करा, असा निरोप त्यांनी धाडला. ती वर्षे त्यांनी झाकली नाहीत, तपासायला लावली. आणि तिसरे, त्यांनी सांगितले काय? प्रेषितांचे पुत्र, प्रेषितांचे नातू आणि पणतू असलेल्या या माणसाने घराण्याचा उल्लेख केला नाही. रूपाचा तर नाहीच. धान्याच्या कोठाराला जे दोन गुण लागतात, राखणे आणि जाणणे, तेवढेच सांगितले.

इमाम नववी (रह.) यांनी ‘अल-अज़कार’ या ग्रंथात हाच भेद केला आहे. बढाईसाठी, दुसऱ्यावर वरचढ ठरण्यासाठी केलेली आत्मस्तुती निंद्य. परंतु एखादे हित साधायचे असेल, आपले म्हणणे स्वीकारले जावे म्हणून सांगणे भाग असेल, तर स्वतःचे चांगले सांगणे निंद्य नाही. ह. उस्मान (रजि.) यांना बंडखोरांनी घेरले, तेव्हा त्यांनी रूमा विहीर आणि तबूकच्या सैन्याची तयारी यांची आठवण लोकांना करून दिली होती. एरवी ते तोंडातून काढले नसते.

‘पण हदीसमध्ये पद मागण्यास मनाई आहे ना?’ असे एका अभ्यासू मुलीने सरावात विचारले. प्रश्न योग्य आहे. ह. अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सत्ता मागू नये असे सांगितले, आणि ह. अबू ज़र (रजि.) यांनी नेमणूक मागितली तेव्हा प्रेमाने खांद्यावर हात मारून, तुम्ही या बाबतीत दुर्बल आहात आणि ही अमानत आहे, असे समजाविले. परंतु तेथे ‘इमारत’, म्हणजे लोकांवरील अधिकार अभिप्रेत आहे. हिशेबनीस, प्रयोगशाळा सहायक किंवा संगणक चालक होणे म्हणजे हुकूमत मागणे नव्हे. ते श्रम विकणे आहे. अबू ज़र (रजि.) यांच्या प्रसंगातून आपल्या कामाचे असे काही निघत असेल, तर ते हे की अत्यंत सज्जन माणूसही एखाद्या विशिष्ट कामासाठी अयोग्य असू शकतो, आणि तसे सांगितले जाण्यात त्याचा अपमान नाही. नकाराचे पत्र हातात घेऊन घरी येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे.

आता उलट बाजू. विकणाऱ्याने मालातील दोष सांगितला पाहिजे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तो आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते भिजलेले वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले, आणि फसविणारा आपल्यातला नाही, असा इशारा मिळाला. दिघ्याच्या माणसाला ही हदीस समजावून सांगावी लागत नाही. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर येथील बेकायदा इमारतींवर हातोडा पडू लागला, तेव्हा आयुष्याची कमाई घालून घर घेतलेल्या कुटुंबांनी कोरडी रास आणि आतली ओल म्हणजे काय, ते पाहिले. भिंती उत्तम होत्या, फरशा चकचकीत होत्या; कागद खरे नव्हते. ज्याने ते घर विकले त्याला आपण आजही काय म्हणतो, ते आठवावे, आणि मग अनुभवाच्या बनावट दाखल्याचा विचार करावा.

मग उमेदवाराने आपले सारे दोष उघड करावेत काय? नाही, आणि येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कामाला बाधणारा दोष सांगणे आवश्यक. खासगी उणीव झाकणे हे शरीअतलाच पसंत आहे. स्वतःची पापे लोकांत सांगत फिरणाऱ्याची हदीसमध्ये कडक निंदा आहे. पहिल्या वर्षी एक विषय राहिला होता, विचारले नाही तर सांगण्याचे कारण नाही. विचारले तर खरे सांगावे. घरातील भांडणे, आजारी बहीण, वडिलांचे कर्ज हे कोणाच्या अधिकारातले नाही. परंतु डिलिव्हरीच्या गाडीवर जाणाऱ्याला रात्री नीट दिसत नसेल, वीजतंत्र्याला उंचीची भीती असेल, तर ते न विचारताही सांगितले पाहिजे. तेथे गप्प बसणे म्हणजे भिजलेले धान्य खाली दाबणे, आणि त्यात इतरांच्या जिवाचाही प्रश्न आहे. आपली बाब यांपैकी कोठे बसते, याचा निर्णय प्रत्येक वेळी सोपा नसतो. अशा वेळी मी मुलांना एक कसोटी सांगतो : तुम्हीच मालक असता, आणि ही गोष्ट तुम्हाला सहा महिन्यांनी कळली असती, तर तुम्ही ‘फसविले’ म्हटले असते काय?

‘तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याला पाठ केलेले उत्तरही हमखास : ‘मी फारच मेहनत करतो.’ आमचे निवृत्त गृहस्थ यावर हसतात. चाळीस वर्षे त्यांनी हेच ऐकले आहे. ह. मूसा (अ.स.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्यांनी आपल्या अडचणी जशाच्या तशा मांडल्या. माझ्या हातून त्यांचा एक माणूस मारला गेला आहे. माझी जीभ मोकळी चालत नाही. आणि लगेच उपाय मागितला : माझा भाऊ हारून माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतो, त्याला माझ्यासोबत द्या. उणीव खरी, कामाशी संबंधित, आणि तिच्यावरील उपायासह. मुलांनी उत्तर पाठच करायचे असेल तर हा नमुना करावा. ‘माझे इंग्रजी बोलणे अडखळते, गेल्या चार महिन्यांपासून रोज अर्धा तास मोठ्याने वाचतो, आता लिहिणे बरे जमते’ यात लाज वाटण्यासारखे काय आहे? अर्थात रोज अर्धा तास खरोखर वाचले पाहिजे. छाती मोकळी व्हावी आणि जिभेची गाठ सुटावी म्हणून मूसा (अ.स.) यांनी केलेली सूरह ताहामधील दुआ आपली मुले मुलाखतीपूर्वी म्हणतात, हे फार चांगले, मात्र तिच्या मागे ही स्वच्छ कबुली होती.

एका गोष्टीने मात्र मन खिन्न झाले. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला एका मुलाने ‘बिझनेस’ असे उत्तर दिले. त्याचे वडील भंगार गोळा करतात, हे खोलीतील सर्वांना ठाऊक होते. कोणी काही बोलले नाही. भंगारचा धंदा हाही व्यवसायच आहे, तेव्हा शब्दशः ते खोटे नव्हते. पण तो शब्द त्याने सांगण्यासाठी वापरला नव्हता, झाकण्यासाठी वापरला होता. ह. दाऊद (अ.स.) हातच्या कमाईवर जगत, ह. ज़करिया (अ.स.) सुतार होते, आणि आपले प्रेषित (स.) यांनी मक्कावासीयांच्या शेळ्या-मेंढ्या काही किरातांच्या मोबदल्यात राखल्या, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ज्या हातगाडीने कॉलेजची फी भरली, तिचे नाव घेताना आवाज खाली जात असेल तर तो दोष एकट्या मुलाचा नाही. घरातल्या मोठ्यांनीच ‘आमच्यासारखे होऊ नकोस’ असे वीस वर्षे त्याच्या कानावर घातलेले असते.

यापेक्षा अवघड प्रश्न नावाचा आहे. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात (हे मूळचे आपल्या अमरावती जिल्ह्यातील) आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना 4,808 अर्ज पाठविले गेले. तुल्य शिक्षण, तुल्य पात्रता, फरक प्रामुख्याने नावाचा. उच्च जातीच्या हिंदू नावाच्या तुलनेत, होकार येण्याच्या शक्यतेचे प्रमाण दलित नावासाठी 0.67 आणि मुस्लिम नावासाठी 0.33 निघाले. तेव्हा एखादा मुलगा ‘मौलाना, अर्जावर नाव थोडे बदलू का?’ असे विचारतो, तेव्हा त्याला ईमानचा कमकुवत म्हणून झिडकारणे मला जमत नाही. त्याची भीती आकड्यांनी खरी ठरविलेली आहे.

माझे उत्तर असे. आद्याक्षरे लिहिणे, घरचे छोटे नाव लिहिणे, अर्जात धर्म न लिहिणे हे खोटे नव्हे. ज्याची मागणी नाही ते न सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. दुसरे आडनाव लावणे खोटे आहे. या दोहोंच्या मध्ये द्व्यर्थी बोलण्याचा एक पट्टा आहे, त्याला आपल्या ग्रंथांत ‘मआरीज़’ म्हणतात. इमाम ग़ज़ाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये जिभेच्या संकटांविषयी लिहिताना, गरज असेल तेव्हा त्याला वाट दिली आहे, गरज नसताना नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मनात चुकीची समजूत तर उतरतेच. भेदभावाचे पाप भेदभाव करणाऱ्याच्या माथी आहे. पण त्या पापाला उत्तर म्हणून आपली साक्ष खोटी करण्याने नुकसान दुहेरी होते : उद्या त्याच टेबलावर येणाऱ्या आपल्याच दुसऱ्या मुलाच्या खऱ्या कागदांवरही संशय घेतला जातो. हे सांगताना मला जाणवते की किंमत तो मुलगा मोजणार आहे, मी नाही. म्हणून एवढे सांगून थांबत नाही. जेथे भेदभाव उघड झाला तेथे तक्रार कशी करावी, कोठे अर्ज करावा, हे वस्तीतील जाणत्यांनी त्याच्यासोबत बसून पाहिले पाहिजे. मिंबरवरून सबर सांगणे सोपे असते.

नमाजसंबंधी थोडक्यात. काम मिळेपर्यंत गप्प बसायचे आणि रुजू झाल्यावर शुक्रवारी दुपारी वाद घालायचा, हे बरोबर नाही. मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, ही हदीसची शिकवण आहे. म्हणून अटी ठरतानाच जुम्आसाठी जेवणाच्या सुट्टीत थोडी सवलत मिळेल काय, त्या बदल्यात आपण अधिक वेळ थांबू, असे नम्रपणे विचारावे. हिजाबविषयी मुलींनीही असेच वागावे : मुलाखतीला जशा जाल तशाच पुढे कामावर जाणार आहात, हे समोरच्याला पहिल्याच दिवशी दिसू द्यावे.

शिफारशीविषयी मोठ्यांना काही सांगायचे आहे. माझ्याकडे चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागायला लोक येतात, कधी कधी पहिल्याच भेटीत. ह. उमर (रजि.) यांच्याविषयी असे वर्णन मिळते की एकाने दुसऱ्याची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले : तुम्ही त्याचे शेजारी आहात काय, त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहे काय, त्याच्यासोबत प्रवास केला आहे काय? तिन्हींचे उत्तर नाही असे आले, तेव्हा तुम्ही त्याला ओळखत नाही, असे त्यांनी सुनावले. मशिदीत उठता-बसता दिसणे म्हणजे ओळख नव्हे. दाखला नाकारल्याने काही घरे माझ्यावर रागावली आहेत, इलाज नाही.

आणि या अंकाच्या वाचकांत रबाळे, तुर्भे, भिवंडी, कुर्ला येथे स्वतःचे वर्कशॉप, गोदाम, दुकान चालविणारेही पुष्कळ आहेत, टेबलाच्या पलीकडे बसणारे. मदयनच्या विहिरीवर मूसा (अ.स.) यांनी दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले, तेव्हा आपली पारख होत आहे हे त्यांना ठाऊकही नव्हते. त्या मुलींपैकी एकीने वडिलांना सांगितले की यांना कामावर ठेवा, सबळ आणि विश्वासू माणूस उत्तम. त्या वडिलांनी मग काय केले, ते सूरह कससमध्ये (आयत 27) पाहावे. मुदत आधी सांगितली, आठ वर्षे. दहा केली तर ती तुमची मर्जी. आणि आपण तुम्हाला त्रासात टाकू इच्छीत नाही, असा शब्द दिला. आपल्याकडे मुलाला ‘आधी ये तर खरे, पगाराचे नंतर बघू’ असे सांगितले जाते. कामाचे तास विचारले की ‘हा आतापासून घड्याळ बघतो’ असे म्हटले जाते. मुलगा बावीस वर्षांचा आहे, ओळखीने आला आहे, त्याला पगार विचारण्याची लाज वाटते. तो आकडा पहिल्याच बैठकीत आपणहून सांगावा, आणि जमले तर कागदावर लिहून द्यावा.